हवेतल्या चेंडूचा हिशेब

क्रिकेटच्या सामन्यात गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटताच दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ताशी किलोमीटरचा जो आकडा उमटतो, त्याला समालोचक सर्रास 'वेग' म्हणतात. शालेय पाठ्यपुस्तकांच्या काटेकोर परिभाषेत मात्र ती 'चाल' असते. गाण्याला, बुद्धिबळाला आणि राजकारणाला एकच शब्द पुरवणाऱ्या मराठीने तो विज्ञानालाही द्यावा, यामुळे थोडा घोटाळा होतो खरा, पण भेद सोपा आहे: वस्तू किती झपाट्याने जाते एवढेच चाल सांगते, तर वेग तिची दिशाही सांगतो, आणि म्हणून दिशा बदलली की चाल तीच राहूनही वेग बदलतो.

उदाहरणासाठी एक मैदान घेऊ: नव्या रायपुरात परसदा येथे शहीद वीर नारायण सिंह आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदान आहे. तेथे २१ जानेवारी २०२३ रोजी झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला होता. योगायोगाने ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला नेमके ३० मीटर, आणि उंच टोलावलेल्या चेंडूसाठी हा आकडा सोयीचा आहे. चेंडू या चालीने जमिनीशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून बॅटवरून सुटला, तर त्याच्या वेगाचे दोन भाग पाडता येतात: सेकंदाला २४ मीटरचा आडवा आणि १८ मीटरचा उभा. बॅटवरून सुटल्यानंतर (हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवला तर) चेंडूवर केवळ गुरुत्वाकर्षणाचा अंमल चालतो, आणि ते सरळ खाली ओढत असल्याने आडव्या भागाला हात लावत नाही. अशा वस्तूला प्रक्षेप्य म्हणतात आणि तिच्या वक्र मार्गाला अन्वस्त. आडवी आणि उभी गती एकमेकींपासून स्वतंत्रपणे चालतात, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले.

वेग बदलण्याच्या दराला त्वरण म्हणतात. गुरुत्वामुळे होणारे त्वरण ध्रुवांकडे किंचित अधिक आणि विषुववृत्ताकडे किंचित कमी असते. रायपूरच्या अक्षांशावर ते सुमारे ९.७९ भरते. म्हणजे दर सेकंदाला उभ्या वेगातून सेकंदाला ९.७९ मीटर वजा होतात: १८ चे पहिल्या सेकंदाअखेर ८.२ उरतात, आणि सुमारे १.८४ सेकंदांनी, साडेसोळा मीटर उंचीवर, उभा भाग शून्य होतो. येथे चेंडू क्षणभर थांबतो, अशी जी समजूत विद्यार्थ्यांत आणि पुष्कळदा त्यांच्या पालकांतही आढळते, ती चूक आहे, कारण आडवे २४ मीटर तसेच शाबूत असतात. त्याहून चिवट चूक म्हणजे त्या बिंदूवर त्वरणही शून्य असते असे मानणे; गुरुत्वाने तिथून पुढे सुटीच घेतली असती, तर चेंडू खाली वळलाच नसता आणि आडव्या रेषेत पुढे जात राहिला असता. उतरताना तोच हिशेब उलटा चालतो, आणि चेंडू सुमारे ८८ मीटरवर पुन्हा सेकंदाला ३० मीटर या चालीनेच जमिनीला टेकतो. चाल तीच, परंतु दिशा खाली वळल्यामुळे वेग निराळा.

प्रत्यक्षात मात्र या चालीच्या चेंडूला हवा मोकळे सोडत नाही: सुरुवातीला तिचा विरोध गुरुत्वाच्या ओढीच्या निम्म्याहून अधिक भरू शकतो, त्यामुळे चेंडू बराच अलीकडे पडतो आणि उतार चढावापेक्षा तीव्र दिसतो. सीमारेषा ५९ ते ८२ मीटरच्या दरम्यान असल्याने हा फरक षटकार आणि झेल यांतलाच ठरू शकतो.

हवा वगळून आणखी एक गोष्ट ताडता येते. तीच ३० मीटरची चाल ठेवून चेंडू ५३ अंशांनी फेकला, तरी तो तितकाच दूर जातो, कारण आडव्या आणि उभ्या भागांची केवळ अदलाबदल होते. परंतु उभा भाग २४ झाल्याने हवेतला वेळ ३.७ वरून ४.९ सेकंदांवर जातो. दोन यष्ट्यांमधले २० मीटर धावणाऱ्या फलंदाजाच्या दृष्टीने हा सव्वा सेकंद फार मोठा असतो, आणि म्हणूनच सीमारेषेवरचा जाणता क्षेत्ररक्षक उंच फेक टाळून सपाट फेकतो, मग चेंडू यष्टिरक्षकापर्यंत एक टप्पा घेऊन पोचला तरी त्याची हरकत नसते.