पेणचा कौल आणि रोह्याचा प्रश्न

जमीन ज्याची, त्यास विचारल्यावाचून ती घ्यावी काय? या प्रश्नाचे उत्तर पेण तालुक्याने एकदा दिलेले आहे; त्याचे स्मरण देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

निर्यातीसाठी योजिलेल्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राकरिता हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांची शेती मागण्यात आली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मालकाच्या संमतीची अट नव्हती. तथापि लोकाग्रहापुढे नमून सरकारने २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मतदान घेतले, आणि कौल प्रकल्पाविरुद्ध पडला. शेतकऱ्यास जगाचा व्यापार काय कळतो, असे म्हणणारांनी ध्यानी धरावे की, सहाच दिवस आधी न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही बडी पेढी बुडाली होती, व २००९ साली साऱ्या जगाचा व्यापार आटला.

२०१३ च्या कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. परंतु औद्योगिक विकास महामंडळाकरिता १९६१ च्या राज्य अधिनियमान्वये जमीन घेतली जाते, तेथे ही अट नाही. रोहा व मुरूड तालुक्यांत औषधनिर्मिती उद्यानाचा बेत निघाला, तेव्हा हाच भेद गावकऱ्यांच्या आड आला. धाटावच्या कारखान्यांनी रोह्यास रोजगार दिला, हे आम्ही नाकारीत नाही. पण विचारणे म्हणजे विरोध करणे नव्हे. पेणला जे विचारले, ते रोह्यास विचारण्याचा संकोच कां? राज्याच्या अधिनियमात संमतीची अट घालावी, आणि शेतावर ज्यांची पेठ चालते त्या व्यापाऱ्यांनीही ही मागणी आपली मानावी.