पेटंट कार्यालयात इंजिन सुरू करून पाहत नाहीत

डिझेलच्या नळीवर बसवायची एक डबी. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘पेटंट’ आणि खाली ‘४० टक्के डिझेलबचत’. पारोळ्याहून धुळ्याकडे जा की जळगावकडे, महामार्गालगतच्या सुट्या भागांच्या दुकानांत असं काही ना काही टांगलेलं दिसतंच. घेणाऱ्याला विचारलं, की उत्तर ठरलेलं : ‘पेटंट काय असंच मिळतं का? सरकारने इंजिन चालवून पाहिलं असेल ना!’

नाही. सरकारने इंजिन चालवून पाहिलेलं नसतं. हा एक गैरसमज इतका पक्का रुजलेला आहे, की शिकलेली माणसंसुद्धा तो बाळगतात, इंजिनीअरिंग कॉलेजांच्या पत्रकांतून तो पसरतो आणि त्याची किंमत शेवटी पंपावर डिझेल जाळणारा शेतकरी मोजतो. म्हणून तो नीट उलगडून पाहू.

महाराष्ट्रातल्या माणसाचा पेटंटचा अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. तिथल्या परीक्षकाच्या हाती इंजिन येत नाही, कागद येतात. त्यांत यंत्राचं वर्णन, आकृत्या आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्लेम असतात. ‘माझ्या शोधाची हद्द इथपासून इथपर्यंत’ हे सांगणारी काटेकोर वाक्यं म्हणजे क्लेम. समजा कुणी डिझेल इंजिनाच्या पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्याला नवा आकार दिला. इंधनाचा फवारा त्या खळग्यात कसा फिरतो यावर ज्वलन अवलंबून असल्याने या आकारावर जगभर शंभर वर्षं काम चाललं आहे. परीक्षक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हा अर्ज कुठे बसतो ते बघतो (पिस्टनच्या ज्वलन इंजिनांचा वर्ग एफ०२बी) आणि त्या वर्गातली जुनी पेटंटं, लेख, पुस्तकं धुंडाळतो. जर्मनीतल्या किंवा जपानमधल्या एखाद्या जुन्या पेटंटात तोच आकार सापडला, तर नावीन्य गेलं. तोच नाही पण जवळचा सापडला, तर पुढचा प्रश्न : या कामातल्या जाणत्या माणसाला हा बदल सहज सुचला असता का? सुचला असता, तर पेटंट नाही. तिसरी कसोटी वस्तू उद्योगात बनवता-वापरता येण्याजोगी असण्याची, आणि चौथी, वर्णन वाचून दुसऱ्या जाणकाराला ती बनवता येण्याची.

या कसोट्या सोप्या नाहीत. पहिल्या तपासणी अहवालात, म्हणजे एफईआरमध्ये, भलेभले अडकतात. पण यांतली एकही कसोटी इंजिन किती डिझेल पितं, किती वर्षं टिकतं, किती धूर सोडतं हे विचारत नाही. पेटंट कायद्याच्या कलम १०(३) प्रमाणे नियंत्रक हवं तर मॉडेल किंवा नमुना मागवू शकतो. तो अपवाद आहे. तोही वर्णनाला पूरक म्हणून, आणि कायदाच सांगतो की ते मॉडेल विनिर्देशाचा, म्हणजे अर्जातल्या लेखी वर्णनाचा, भाग मानलं जाणार नाही.

यावर कुणाचा विश्वास बसत नसेल, तर त्याने पेटंट कायदा, १९७० यातलं कलम १३(४) वाचावं. तपासणी झाली म्हणून पेटंटच्या वैधतेची हमी दिली असं मुळीच समजू नये आणि त्याबद्दल केंद्र सरकारवर किंवा त्याच्या अधिकाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येणार नाही, असा त्याचा आशय आहे. सरकार स्वतः कायद्यात लिहून सांगतं की आम्ही पेटंट वैध असल्याचीही हमी देत नाही. मग यंत्र उत्तम असल्याची हमी ते कुठून देणार? सातबाऱ्यावर नाव कोणाचं ते कळतं, विहिरीला पाणी किती ते कळत नाही, पेटंटचंही तसंच.

खुद्द डिझेल इंजिनाचाच इतिहास बघा. रुडॉल्फ डिझेलने १८९२ मध्ये अर्ज केला आणि २३ फेब्रुवारी १८९३ ला त्याला ६७२०७ क्रमांकाचं जर्मन पेटंट मिळालं. तेव्हा चालणारं डिझेल इंजिन जगात एकही नव्हतं. पेटंटात लिहिलं होतं की इंधन असं जाळायचं की जळताना तापमान वाढणारच नाही. कागदावर ही कल्पना सुंदर होती. पण अशा इंजिनाची बहुतेक ताकद स्वतःच्याच घर्षणात संपली असती. हे डिझेललाही लवकरच उमगलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने ज्वलनाची पद्धत बदलणारा दुसरा अर्ज केला. ऑग्सबर्गच्या कारखान्यात १८९३ च्या ऑगस्टमध्ये पहिलं प्रायोगिक इंजिन स्फोटाच्या धडाक्यापलीकडे गेलं नाही. १८९४ च्या फेब्रुवारीत ते जेमतेम मिनिटभर स्वतःच्या बळावर फिरलं. खरी परीक्षा झाली १७ फेब्रुवारी १८९७ ला. प्राध्यापक मोरित्झ श्र्योटर यांनी मोजमाप केलं आणि इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामात रूपांतरित होते हे आकड्यांनी दाखवलं.

पेटंट १८९३ चं, चाचणी १८९७ ची. मधली चार वर्षं पेटंट होतं आणि उपयोगी इंजिन नव्हतं. डिझेलचं मोठेपण त्या चार वर्षांत आहे. पेटंट मिळालं म्हणून त्याचं इंजिन चांगलं ठरलं नाही. ते श्र्योटरच्या मोजमापाने ठरलं.

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पाण्यावर गाडी चालवतो असं सांगणाऱ्या स्टॅन्ली मेयरकडे त्याच्या ‘वॉटर फ्युएल सेल’ची खरीखुरी अमेरिकन पेटंटं होती. गुंतवणूकदारांनी खटला भरला, तज्ज्ञांनी उपकरण तपासलं, तर ते पाण्याचं नेहमीचं विद्युत अपघटन करणारं निघालं. १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने ही ढळढळीत फसवणूक असल्याचं म्हटलं आणि २५ हजार डॉलर परत करायला लावले. तरीही आज आपल्याकडे ‘पाण्यावर चालणारं इंजिन’ म्हणून फिरणारे व्हिडिओ त्याच्या पेटंटांचे क्रमांक पुरावा म्हणून दाखवतात. याचा मला मनापासून राग येतो.

निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणारा दावा आपल्या कायद्याच्या कलम ३(अ) खाली शोधच मानला जात नाही. मग अशा वस्तूंना पेटंट मिळतं कसं? कारण चमत्कार जाहिरातीत असतो, क्लेममध्ये नसतो. क्लेममध्ये लिहिलेलं असतं, ‘अमुक आकाराच्या डबीत अमुक रीतीने बसवलेले दोन चुंबक’. तशी मांडणी आधी कुणी केली नसेल, तर ती नवी असू शकते. ‘४० टक्के’ हा आकडा खोक्यावर छापणारा वेगळा. म्हणून पेटंट क्रमांक दिसला की क्लेम उघडून वाचावेत. ते सगळ्यांसाठी खुले असतात.

त्या आकड्याचाही हिशेब करू. विहिरीवरचं ५ अश्वशक्तीचं बऱ्या अवस्थेतलं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटरच्या आसपास डिझेल घेतं. म्हणजे एक किलोवॉट-तास कामाला सुमारे २५० ग्रॅम. उष्णतेचा हिशेब केला तर कार्यक्षमता ३३-३४ टक्के. त्यात ४० टक्के बचत खरी धरायची तर १५० ग्रॅममध्ये तेवढंच काम व्हायला हवं, म्हणजे कार्यक्षमता ५६ टक्क्यांवर जायला हवी. समुद्रातल्या महाकाय जहाजांची टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं, जी बांधणाऱ्यांनी एकेका टक्क्यासाठी आयुष्यं घातली, ती ५० टक्क्यांच्या आसपास पोचतात. आणि नळीवरची डबी त्यांच्या पुढे जाणार? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरावर उपकरणं आजवर तपासली आहेत. लक्षणीय बचत करणारं काही हाती लागलं नाही. इंजेक्टर साफ करणं, फिल्टर वेळेवर बदलणं, पंप आणि इंजिनाचा मेळ नीट बसवणं यांतून होणारी बचत खरी असते. तिला पेटंट लागत नाही.

इंजिन खरोखर चालवून मोजणाऱ्या संस्था आहेत, त्या वेगळ्या. वाहनांच्या इंजिनांसाठी पुण्याची एआरएआय १९६६ पासून आहे, ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांसाठी मध्य प्रदेशातलं बुधनीचं केंद्र आहे, शेतीपंपाच्या डिझेल इंजिनांसाठी भारतीय मानक १११७० आहे. विकणाऱ्याकडे पेटंट मागण्याऐवजी अशा संस्थेचा चाचणी अहवाल मागावा.

दुसरा गोंधळ आणखी खालच्या पातळीवरचा, पण आमच्या भागात फार दिसतो. ‘पेटंट व्हई गयं’ म्हणून सत्कार होतो, शाल-श्रीफळ होतं, बातमी येते, आणि हातात असते अर्जाची पोचपावती. अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट जर्नलमध्ये आपोआप प्रसिद्ध होतो. त्यासाठी तो चांगला असावा लागत नाही. फी भरून लवकरही प्रसिद्ध करून घेता येतो. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते, मार्च २०२४ च्या नियमांनुसार ३१ महिन्यांच्या आत. नाही केली तर अर्ज मागे घेतला असं मानलं जातं. म्हणजे प्रसिद्ध झालेल्या अर्जाकडे परीक्षकाने ढुंकूनही पाहिलेलं नसू शकतं. ओळखायची खूण सोपी आहे. आजच्या अर्जाचा क्रमांक बारा आकडी असतो : पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा (मुंबईसाठी २). मंजूर पेटंटचा क्रमांक सध्या सहा आकडी असतो. सत्काराला जाण्याआधी एवढे आकडे मोजावेत.

डिझाईनची नोंदणी तर तिसरीच गोष्ट. डिझाईन कायदा, २००० फक्त डोळ्यांना दिसणारं रूप सांभाळतो आणि रचनेचं तत्त्व किंवा निव्वळ यांत्रिक करामत स्पष्टपणे वगळतो. इंजिनाच्या झाकणाच्या आकाराची नोंदणी झाली, तर आतल्या ज्वलनाबद्दल त्या प्रमाणपत्रात अवाक्षर नसतं. ब्रिटनमधली डिझाईन नोंदणी ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ म्हणून मिरवणारे प्राध्यापक आहेत. तिथे नोंदणीपूर्वी नावीन्य तपासतच नाहीत, आणि हे विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं.

तपासणी होऊन मिळालेलं पेटंटही अंतिम नसतं, याचा आपल्याकडचा मोठा दाखला पुण्याच्या बजाज ऑटोचा. इंजिन पेट्रोलचं होतं, पण मुद्दा तोच. लहान व्यासाच्या सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग, याचं पेटंट (क्रमांक १९५९०४) कंपनीने २००२ मध्ये अर्ज करून २००५ मध्ये मिळवलं. दोन प्लग ही कल्पना जुनीच होती. क्लेम उभा होता तो ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या इंजिनावर. टीव्हीएसने २००७ मध्ये ‘फ्लेम’ ही मोटरसायकल आणली आणि वाद पेटला. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी फेब्रुवारी २००८ मध्ये टीव्हीएसला रोखलं. खंडपीठाने मे २००९ मध्ये तो आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये टीव्हीएसला विक्रीचा हिशेब ठेवून गाडी विकू दिली आणि असे खटले रोजच्या रोज चालवून शक्यतो चार महिन्यांत संपवा असं सांगितलं. प्रत्यक्षात दोन्ही कंपन्यांनी २०१९ मध्ये तडजोड केली. शिक्का बसलेल्या पेटंटवर बारा वर्षं वाद चालू शकतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. जागतिक पेटंट नावाची वस्तू नाही. पीसीटी या आंतरराष्ट्रीय कराराखाली एक अर्ज अनेक देशांसाठी करता येतो, पेटंट मात्र प्रत्येक देश स्वतंत्रपणे देतो किंवा नाकारतो. दहा टक्के बदल केला की दुसऱ्याचं पेटंट लागू होत नाही, असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. पेटंट जन्मभर नसतं : अर्जापासून २० वर्षं, तेही नूतनीकरणाची फी भरत राहिलात तर. पेटंट म्हणजे उत्पादनाचा परवाना नव्हे. ते दुसऱ्याला रोखण्याचा हक्क देतं, प्रदूषणाचे आणि सुरक्षेचे नियम तुम्हाला लागूच राहतात. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला पेटंट मिळालेलं नाही. त्यांना मिळालं आहे भौगोलिक मानांकन, ज्याचा कायदा आणि कार्यालय दोन्ही वेगळे. हळदीचं अमेरिकन पेटंट अजून अमेरिकेकडे आहे, हेही खोटं : जखमेवर हळद लावण्याबद्दल १९९५ मध्ये दिलेलं ते पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने जुने लेखी पुरावे देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं. आणि पेटंट नसताना वस्तूवर ‘पेटंट’ छापणं हा साधा बढाईखोरपणा नाही. कलम १२० खाली त्याला आता दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

एक गैरसमज मात्र ओळीत आटोपण्यासारखा नाही, कारण त्याने प्रामाणिक कारागिराचं नुकसान होतं : ‘आधी लोकांना दाखवू, चाललं तर पेटंट घेऊ.’ वर्कशॉपमध्ये रात्री जागून कुणी खरोखर नवं इंजेक्टर बनवतो, कृषी प्रदर्शनात मांडतो, व्हिडिओ टाकतो आणि मग अर्ज करतो. परीक्षक त्याचाच व्हिडिओ त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवू शकतो. प्रदर्शनाची बारा महिन्यांची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच आहे. गावोगावच्या मेळाव्यांना नाही. म्हणून आधी तात्पुरता विनिर्देश दाखल करावा आणि मग यंत्र जगाला दाखवावं. पूर्ण विनिर्देशासाठी त्यानंतर बारा महिने मिळतात. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आणि तपासणीची ४,००० रुपये आहे. त्यासाठी पारोळ्याहून अँटॉप हिलला जावं लागत नाही. सुनावणीही व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते.