तांबड्या टोप्यांचे साल

खेड तालुक्यातल्या निघोजे गावाचे नाव पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या किती जणांना ठाऊक होते? २००९ साली या शिवाराला लागून फोक्सवागेनचा कारखाना सुरू झाला, २०१० साली महिंद्राचा झाला, आणि ज्वारी-बाजरीच्या या गावाचे नाव मोटारींच्या कागदपत्रांवर जाऊन बसले. आता पहाटेपासून कामगारांच्या बसगाड्यांची रीघ लागते. मराठवाड्यातून, विदर्भातून, थेट बिहारमधून आलेली मुले चार-चार जणांत खोली करून राहतात आणि सुट्टीच्या दिवशी मिळेल त्या मोकळ्या प्लॉटवर टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतात. त्यांना विचारा, तुमचा संघ कोणता? कोणी चेन्नई म्हणेल, कोणी मुंबई, कोणी कोलकाता. पुणे कोणीच म्हणणार नाही, कारण आयपीएलमध्ये पुण्याचा संघच नाही!

तसा तो दोनदा होता. ‘पुणे वॉरियर्स’ २०११ साली आला आणि २०१३ नंतर मिटला. २०१६ साली दुसरा आला, तो मुळातच दोन वर्षांच्या कराराने. २०१७च्या अंतिम सामन्यात हा संघ मुंबईकडून एका धावेने हरला आणि त्यानंतर पुन्हा दिसलाच नाही. गहुंज्याचे एवढे थोरले मैदान मात्र मागे राहिले. पुणेकर चार दिवस हळहळले आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या तरी बाजूने टाळ्या वाजवू लागले. त्यांना तरी दोष कसा द्यावा? ज्या संघासाठी आपण काहीच दिले नाही, त्याच्या जाण्याने आपले असे काय जाणार?

या प्रश्नाचे उत्तर मला जपानात सापडले. आपल्या सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला पुणे-ओकायामा मैत्रीचे नाव आहे. त्या ओकायामाच्या पश्चिमेला लागूनच हिरोशिमा. जग हे नाव एकाच कारणासाठी जाणते. पण तिथल्या लोकांना विचाराल, तर ते आणखी एक साल सांगतील : १९७५.

लाकडी पिंपातली वर्गणी

जपानचा लाडका खेळ बेसबॉल. नऊ-नऊ जणांचे दोन संघ, नऊ डाव, आणि तीन गडी बाद झाले की डाव बदलायचा. चेंडू टप्पा न खाता येतो, फलंदाज गोल दांडक्याने तो टोलवतो आणि चौकोनाच्या चार ठाण्यांना वळसा घालून परत आला की एक धाव. दहांतून तीन वेळा चेंडू नीट मारता आला तरी तो थोर फलंदाज समजतात, इतका तो अवघड.

तिथल्या धंदेवाईक संघांना मालक असतात आणि मालकाचेच नाव संघाला असते. टोकियोच्या ‘जायंट्स’मागे योमिउरी वृत्तपत्र, तर हान्क्यू आणि हान्शिन हे संघ रेल्वे कंपन्यांचे. १९४९ साली हिरोशिमाच्या लोकांनी संघ काढायचे ठरवले, तेव्हा बाँब पडून जेमतेम चार वर्षे झाली होती. बडा मालक कुठून मिळणार? मग जिल्हा, नगरपालिका आणि नागरिक यांनी मिळून संघ उभा केला. हिरोशिमाच्या किल्ल्याला कार्प माशाचा किल्ला म्हणतात, म्हणून संघाचे नाव ‘कार्प’.

१९५०च्या पहिल्या मोसमात कार्प ४१ सामने जिंकले आणि ९६ हरले. आठ संघांत आठवे! खेळाडूंचे पगार थकले. १९५१च्या मार्चमध्ये हा संघ दुसऱ्या एका संघात विलीन करून टाकावा, असे घाटू लागले. व्यवस्थापक इशिमोतो शुइची मोठे जिद्दीचे गृहस्थ. ते लोकांकडे गेले. मैदानाच्या दाराशी साके या तांदळाच्या दारूची रिकामी लाकडी पिंपे ठेवली गेली आणि येणारा-जाणारा त्यांत नाणी टाकू लागला. ज्यांच्या स्वतःच्या घरांवर धड छप्पर नव्हते, अशा माणसांच्या नाण्यांवर तो संघ तगला.

आपल्याकडे वर्गणी म्हणजे काय हे सांगायला नको. गणपती, यात्रेतला कुस्त्यांचा फड, बैलगाड्यांची शर्यत, सारे वर्गणीवरच चालते. पावती फाडली की मांडव आपला होतो.

तीन वर्षे तळाला

पुढे गावातल्याच एका कारखान्याने कार्पला आधार दिला. तोयो कोग्यो, म्हणजे माझदा मोटारी बनवणारी कंपनी. आकुर्डी-चिंचवडच्या वाचकांना गंमत वाटेल, ही कंपनीसुद्धा आधी तीन चाकांच्या मालवाहू गाड्यांवर वाढली होती. १९६८ पासून संघाच्या नावात ‘तोयो’ आले. पण पैसा आला म्हणून यश आले नाही. १९७२, ७३, ७४ अशी ओळीने तीन वर्षे कार्प सहा संघांत सहावे! तिकडे जायंट्सनी १९६५ पासून १९७३ पर्यंत सलग नऊ वर्षे जपानचे अजिंक्यपद मिळवलेले.

आणि १९७५ साल उजाडले ते कारखान्यावरच्या संकटासह. १९७३ साली तेलाचे भाव भडकले होते. माझदाचे नवे रोटरी इंजिन पेट्रोल फार पिई, त्यामुळे गाड्या खपेनात. कंपनी बुडायच्या बेताला आली, बँकेने हात दिला. हजारो कामगारांना यंत्रावरून उठवून देशभर गाड्या विकायला धाडण्यात आले. मंदीत ‘ब्लॉक क्लोजर’ची नोटीस लागली म्हणजे घरात काय कालवाकालव होते, हे चाकणच्या बायकांना कोणी समजावून सांगायला नको.

त्या वर्षी जो लट्झ नावाचे अमेरिकन गृहस्थ कार्पचे व्यवस्थापक झाले. त्यांनी टोप्यांचा निळा रंग काढून तांबडा आणला, झुंजीचा रंग म्हणून. बाप्या माणसांनी असली भडक टोपी घालायची म्हणजे काय! खेळाडू आधी ओशाळलेच. त्यात एप्रिलच्या अखेरीस लट्झसाहेबांचा पंचाशी खटका उडाला, संघाच्या अधिकाऱ्यांनी मध्ये पडून माघार घ्यायला सांगितले आणि साहेबांनी राजीनामाच दिला. सारे पंधरा सामने झाले होते! त्यांच्या जागी मे महिन्यात आला ३९ वर्षांचा कोबा ताकेशी, कार्पचाच जुना खेळाडू.

आणि इथून वारे फिरले. यामामोतो कोजी हा तर घरचाच मुलगा, बाँब पडल्यानंतर चौदा महिन्यांनी हिरोशिमाच्या परिसरात जन्मलेला. त्याचा जोडीदार किनुगासा साचिओ. जुलैत साऱ्या संघांतल्या निवडक खेळाडूंचा सामना झाला, त्यात या दोघांनी एकाच दिवशी दोन-दोन षटकारी टोले हाणले आणि तांबड्या टोपीकडे देशाचे लक्ष गेले. गोलंदाज सोतोकोबाने मोसमात २० सामने जिंकून दिले. यामामोतो फलंदाजीत पहिला आला. दहांतून तीनवर थोडे अधिकच!

१५ ऑक्टोबर, टोकियोचे कोराकुएन मैदान, समोर जायंट्स. हा जिंकला की लीग जिंकली. नवव्या डावात गेल हॉपकिन्स या अमेरिकन खेळाडूने टोला मारला आणि एकदम तीन धावा मिळाल्या. कार्प ४, जायंट्स ०. मोसमाअखेर हिशेब झाला : ७२ जिंकले, ४७ हरले, ११ बरोबरीत. आणि नऊ वर्षांचे अजिंक्य जायंट्स? ते त्या साली आपल्या इतिहासात पहिल्यांदाच तळाला गेले.

२० ऑक्टोबरला हिरोशिमाच्या शांतिमार्गावरून मिरवणूक निघाली. सुमारे तीन लाख माणसे लोटली. गर्दीत कित्येकांच्या हातांत फोटो होते, घरातल्या गेलेल्या माणसांचे. पिंपात नाणे टाकणारे पण हा दिवस न पाहिलेले ते वडील, ते काका. त्यांनाही मिरवणूक दाखवायला आणले होते.

कोणाचा संघ?

खरे सांगायचे तर जपानच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत कार्प हरले. हान्क्यूने चार सामने जिंकले, दोन बरोबरीत सुटले, कार्पच्या वाट्याला एकही विजय नाही. पण नंतर काय झाले तेही पाहावे. १९८८ साली हान्क्यूच्या मालकांनी आपला जिंकणारा संघ विकून टाकला. हरलेले कार्प आजही हिरोशिमातच आहेत. १९९१ नंतर लीग जिंकायला त्यांना २०१६ पर्यंत थांबावे लागले. माणसे पंचवीस वर्षे थांबली! मधल्या काळात नवे मैदान बांधायचे निघाले तेव्हा लोकांनी पुन्हा पिंपे मांडली, आणि २००९ साली ते मैदान उभे राहिले. निघोज्याच्या शिवाराला लागून पहिला कारखाना सुरू झाला तेच हे साल.

संघ पैशाने विकत घेता येतो, पण तो गावाचा होतो तो हरत असताना कोणी तरी त्याच्यासाठी खिशात हात घातला म्हणजेच. निघोजे, म्हाळुंगे, कुरुळी, चाकण इथे आज देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसे एकत्र आली आहेत. एकमेकांची आडनावेही त्यांना नीट ठाऊक नसतील. त्यांना एका मांडवाखाली आणायला आयपीएलचा संघ कशाला हवा? कबड्डीचा चालेल, कुस्तीचा चालेल, टेनिसच्या चेंडूचा तर फारच उत्तम! एक सपाट मैदान, एक रंगाची टोपी, आणि दाराशी ठेवलेले एक पिंप. पहिल्या वर्षी ९६ सामने हरले, तरी हरकत नाही.