दहा नातवंडांचं घर

केनियाच्या कोरडवाहू मुलखात दाबाच्या विटांचं घर बांधायचं तर आधी मातीची परीक्षा घ्यावी लागते. दोन फूट लांब आणि दीड इंच रुंद अशी एक अरुंद पेटी असते. तिला आतून तेल फासायचं, चाळलेली तांबडी माती ओली करून ठासून भरायची आणि आठवडाभर वाळू द्यायची. वाळताना माती आक्रसते आणि पेटीच्या टोकाला फट पडते. ती फट मोजायची. फट मोठी पडली तर माती जास्त चिकण आहे, सिमेंट वाढवावं लागेल. बारीक पडली तर थोडक्यात भागेल. मग माती-सिमेंटचं मिश्रण लोखंडी साच्यात भरायचं आणि लांब दांड्यावर अंगाचा भार टाकून दाबायचं. भट्टी नको, जळण नको. सिमेंटच्या एका पोत्यात शंभराच्या आसपास विटा निघतात. त्या सावलीत रचायच्या, वर गवत किंवा प्लास्टिक अंथरायचं आणि आठवडाभर पाणी मारत राहायचं. पाणी मारायचा कंटाळा केला की विटेचे कोपरे झडलेच म्हणून समजा.

पूर्व आफ्रिकेत अनाथ मुलांसाठी घरं बांधायला परदेशातून जी कुटुंबं येतात, त्यांच्या वाट्याला साधारण असलीच कामं येतात. विटा वाहायच्या, माल कालवायचा, भिंतींना रंग द्यायचा. आई-वडील, शाळकरी मुलं, हाताशी दोन आठवड्यांची सुट्टी. युगांडात कंपालाच्या एका चर्चने १९९४ मध्ये सुरू केलेल्या ‘वाटोटो’ संस्थेची घरं उभी करण्यात अशा परदेशी तुकड्यांचा मोठा हात आहे. वाटोटो म्हणजे मुलं. एका घरात एक आई आणि आठ मुलं, अशी तिथली रचना. या कुटुंबांना मी नावं ठेवणार नाही. चार पैसे साठवून, समुद्र ओलांडून, परक्या मुलाच्या घरासाठी उन्हात घाम गाळणं ही साधी गोष्ट नव्हे. पण मला ज्या वस्तीबद्दल लिहायचं आहे, तिथलं खरं बांधकाम कुठून विमानाने आलेल्या कुटुंबांनी केलेलं नाही. ते केलं आजीबाईंनी.

या वस्तीचं नाव न्युंबानी व्हिलेज. नैरोबीच्या पूर्वेला किटुई म्हणून परगणा आहे, तिथे सुमारे १,००० एकरांवर ती वसली आहे. न्युंबानी या स्वाहिली शब्दाचा अर्थ ‘घरी’. वस्तीत शंभराच्या आसपास घरं आणि हजाराच्या आसपास मुलं. प्रत्येक घरात एक आजी, क्वचित आजोबा, आणि दहाएक मुलं. त्यांतली काही तिची सख्खी नातवंडं असतात, बाकीची दुसऱ्यांची. मुलांचे आई-बाप एड्सने गेले. आजीची स्वतःची लेकरंही त्यातच गेली. केनियात आजीला बऱ्याच ठिकाणी ‘शोशो’ म्हणतात. इथे शोशो हा हुद्दाही आहे आणि नातंही.

ही कल्पना कुठून आली हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

अँजेलो डी’अगोस्टिनो हा माणूस १९२६ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये जन्मला. शिकून डॉक्टर झाला, हवाई दलात डॉक्टरकी केली, पुढे जेझुइट संघात जाऊन पाद्री झाला आणि मानसोपचारतज्ज्ञही. ऐंशीच्या दशकात निर्वासितांच्या कामासाठी आफ्रिकेत आला आणि तिथलाच झाला. नैरोबीत सगळे त्यांना फादर डॅग म्हणत. रुग्णालयांत टाकून दिलेली एचआयव्हीबाधित तान्ही मुलं त्यांनी पाहिली. त्या मुलांना घ्यायला एकही अनाथाश्रम तयार नव्हता. १९९२ मध्ये त्यांनी आणि आयर्लंडहून आलेल्या सिस्टर मेरी ओवेन्स यांनी नैरोबीत न्युंबानी बालगृह काढलं. नाव ‘घरी’, पण त्या काळात तिथे आणलेलं मूल फार दिवसांचं सोबती नसे. औषधच नव्हतं. निदान मायेच्या मांडीवर डोळे मिटावेत, एवढंच हातात होतं.

नव्वदच्या दशकात केनियात काय चाललं होतं याची कल्पना आज करणं अवघड आहे. एक वेळ अशी होती की दहा प्रौढांमागे एकाला विषाणूची बाधा होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये अध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी एड्सला राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केलं. तीन औषधांचा परिणामकारक उपचार १९९६ पासून जगात होता, पण त्याचा वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या वर जाई. किटुईच्या शेतकऱ्याला तो आकडा ऐकूनही उपयोग नव्हता.

इथे आपल्या मुंबईचा धागा या गोष्टीत येतो. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी हाच तीन औषधांचा उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात द्यायची तयारी दाखवली. पेटंटधारक कंपन्या खवळल्या. त्याच सुमारास फादर डॅग यांनीही जाहीर केलं की पेटंटची पर्वा न करता आपण भारतातून स्वस्त औषधं मागवणार. एका बालगृहाच्या म्हाताऱ्या पाद्रीने घेतलेली ही भूमिका जगभर गाजली. त्याच वर्षी केनियाच्या संसदेने कायदा बदलून स्वस्त औषधांच्या आयातीची वाट मोकळी केली. ही हकिगत मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी असं मला फार वाटतं. मुंबईतल्या एका कंपनीच्या टेबलावर ठरलेल्या दराने आफ्रिकेतल्या लाखो मुलांचं आयुष्य वाढलं, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारच थोडी झाली.

औषध आलं आणि बालगृहापुढे नवाच प्रश्न उभा राहिला. मुलं जगायला लागली. त्यांना शाळेत घालायचं तर सरकारी शाळा दारात उभं करीनात. २००३ मध्ये केनियाने प्राथमिक शिक्षण मोफत केलं होतं, पण या मुलांना ते लागू नसल्यासारखंच होतं. न्युंबानीने न्यायालयाचं दार ठोठावलं आणि २००४ च्या सुरुवातीला सरकारला नमतं घ्यावं लागलं.

यापेक्षाही मोठा प्रश्न बालगृहाच्या बाहेर होता. ज्या मुलांना बाधा नव्हती पण आई-बाप गेले होते, अशी मुलं गावोगाव आजीच्या पदराखाली जमली होती. म्हातारपणी लेकाने सांभाळायचं, तो लेक मातीआड झाला आणि त्याची चार-पाच पोरं हिच्या अंगावर. एक अख्खी पिढी मधूनच निघून गेली होती. उरले होते दोन टोकांचे लोक, अगदी म्हातारे आणि अगदी लहान. फादर डॅग यांनी ही दोन टोकं एका छपराखाली जोडायचं ठरवलं. मुलांसाठी वसतिगृह आणि म्हाताऱ्यांसाठी वृद्धाश्रम असे दोन खर्च करण्यापेक्षा एक घर करावं. स्थानिक प्रशासनाने जमीन दिली आणि २००६ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फादर डॅग वारले. पुढे सिस्टर मेरी ओवेन्स यांनी संस्थेची धुरा वाहिली.

शोशोंनी इथे यायचं ते स्वतःच्या मर्जीने. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आपली वाडी, आपल्या माणसांच्या समाध्या, ओळखीची विहीर सोडून साठी-सत्तरीतली बाई नव्या जागी येते आणि आपल्या तीन-चार नातवंडांच्या जोडीला परकी सहा-सात पोरं पदरात घेते. त्यांना रात्री उठून पाणी द्यायचं, कुणाला गोळ्या चालू असतील तर त्यांची वेळ सांभाळायची, कुणी शाळेत मार खाऊन आलं तर जवळ घ्यायचं. स्वयंसेवक हा शब्द आपण फार सहज वापरतो. मला तरी या बाईंपुढे तो तोकडा वाटतो.

किटुई ही कांबा लोकांची भूमी. त्यांच्याकडे ‘म्वेथ्या’ नावाची जुनी रीत आहे. एखाद्याला झोपडी उभारायची, रान मोकळं करायचं किंवा पीक काढायचं असलं की तो शेजारीपाजाऱ्यांना बोलावतो. सगळे जमतात, काम उरकतात आणि यजमान त्यांना जेवू घालतो. आपल्याकडची इर्जिक हुबेहूब अशीच. ज्यांनी लहानपणी इर्जिकीच्या दिवशी दारापुढे उभ्या राहिलेल्या बैलजोड्या पाहिल्या असतील आणि संध्याकाळच्या पंगतीचा वास ज्यांच्या नाकात अजून आहे, त्यांना म्वेथ्या वेगळी समजावून सांगायला नको. वसाहतकाळात इंग्रज सरकारने याच सामुदायिक श्रमाची सक्ती केली, बांधबंदिस्तीला माणसं जुंपली, तेव्हा लोक त्या कामावर चिडले. पुढे म्वेथ्याचे गट पुन्हा लोकांच्या हाती आले आणि त्याच डोंगरउतारांवर, विशेषतः शेजारच्या मचाकोसमध्ये, बायकांनी मैलोन् मैल पायऱ्यापायऱ्यांची शेतं तयार केली. काम तेच होतं, फक्त बोलावणारा बदलला होता.

या गटांचं सर्वांत सुंदर काम म्हणजे वाळूचे बंधारे, आणि किटुई त्यांसाठी जगात ओळखला जातो. नद्या इथे वर्षातले थोडेच दिवस वाहतात, एरवी नुसतं वाळूचं पात्र. तळाशी खडक लागेल अशा ठिकाणी पात्रात आडवी भिंत घालायची. पावसाळ्यात पूर येतो, गाळ वाहून पुढे जातो आणि जाड वाळू भिंतीमागे साचत जाते. काही पावसाळ्यांत भिंतीमागचं पात्र काठोकाठ वाळूने भरतं. पाहणाऱ्याला वाटावं, बंधारा फुकट गेला. पण त्या वाळूच्या कणाकणांमधल्या पोकळीत पाणी असतं, तिच्या आकारमानाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. वर ऊन असूनही ते फारसं उडून जात नाही आणि त्यात डासांची पैदास होत नाही. उन्हाळ्यात बायका वाळूत हातभर खड्डा करतात आणि वाटीने पाणी काढतात. मराठवाड्यात झिऱ्यातून पाणी भरलेल्या बाईला हे चित्र परकं वाटणार नाही.

न्युंबानी व्हिलेज अशा मुलखात उभं आहे. पाऊस वर्षातून दोनदा येतो आणि कधी दोन्ही वेळा हुलकावणी देतो. आजूबाजूच्या शेतांत मका, चवळी, तूर आणि भरपूर मूग. किटुईचा मूग देशभर जातो, त्याला तिथे ‘न्डेंगू’ म्हणतात. बायकांच्या हाताला घायपाताचा दोर कायम असतो. मांडीवर तंतू वळून पीळ द्यायचा आणि त्याची गोल बुडाची टोपली विणायची. तिला ‘कियोंडो’ म्हणतात. चालता चालता, गप्पा मारता मारता विणकाम चालूच. घायपाताच्या पानातून काढलेल्या त्या पांढऱ्या तंतूंना आधी उग्र वास असतो, आणि रंगात बुडवून वाळवले की ते हाताला मऊ लागतात. बोटं दिसेनाशी व्हावीत इतक्या वेगाने म्हातारी पीळ घालते. शेजारी बसलेलं मूल पाहता पाहता शिकतं. शाळा, माध्यमिक विद्यालय, हातकामाचं शिक्षण हे सगळं वस्तीत आहेच, पण हा अभ्यासक्रम कुणी लिहिलेला नाही.

आता त्या परदेशी कुटुंबांकडे परत येऊ. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अनाथाश्रमांबद्दलचं जगाचं मत बदललं आहे आणि ते बदलायलाच हवं होतं. आश्रमांत राहणाऱ्या बहुतेक मुलांच्या आई-बापांपैकी निदान एक जण हयात असतो हे वारंवार दिसून आलं. गरिबीपायी मूल दारात सोडलं जातं आणि देणगीदार येत राहिले की आश्रमाला मुलं लागत राहतात. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये मुलांच्या पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. संस्था हा शेवटचा उपाय, हा त्यांचा गाभा. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने तर अनाथाश्रमांच्या नावाखाली मुलांची खरेदी-विक्री होते हे उघडपणे मांडलं. केनियानेही २०२२ मध्ये दहा वर्षांचं धोरण आखलं, मुलांना संस्थांतून कुटुंबात परत नेण्याचं.

म्हणून मदतीला जाणाऱ्या कुटुंबाने काही प्रश्न आधी विचारावेत असं मला मनापासून वाटतं. आपण विटा रचल्या तर स्थानिक गवंड्याची रोजी बुडते का? दर पंधरवड्याला नवे मामा-मावशी येऊन लाड करून निघून जाणार असतील तर चार वर्षांच्या पोराने किती जणांना निरोप द्यायचा? तान्ह्या मुलांच्या खोलीत आपण जाऊच नये, हे मी ठामपणे सांगेन. गवंड्याच्या हाताखाली, तो सांगेल तसं, भिंत उभी राहीपर्यंत राबा. शोशोच्या घरी जेवायला बसलात तर उष्टी भांडी घासा. तिच्या नातवंडांचे फोटो काढायचे असतील तर आधी तिला विचारा. तिने नाही म्हटलं तर फोन खिशात ठेवा.

न्युंबानीवरही टीका करणारे आहेत. वस्ती म्हणजे शेवटी संस्थाच, असं ते म्हणतात. सगळं एका कुंपणात आहे, देणगीवर आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण इथे प्रत्येक मुलाच्या दारावर संस्थेच्या पाटीऐवजी एका म्हातारीची हाक असते, आणि तिला मूल चुकलं तर रागवायचा हक्क आहे, हेही मी विसरू शकत नाही. वसतिगृहाच्या लांब दालनात ओळीने लावलेल्या खाटा आणि शोशोच्या घरातली दाटीवाटी यांत मी पोर असतो तर मला काय हवं झालं असतं, याचं उत्तर मला लगेच मिळतं.

वस्तीने स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून तिथल्या जमिनीवर झाडं लावली आहेत, त्यांत मुकाऊ मोठ्या संख्येने. हे त्याच रुक्ष मुलखातलं झाड. पाण्यावाचून तग धरतं, सरळ वाढतं आणि त्याचं लाकूड दाराखिडक्यांना महागड्या जातींच्या तोडीचं मानतात. ते तोडणीला यायला बारा-पंधरा वर्षं लागतात. रोप लावताना शेजारी उभं असलेलं सहा वर्षांचं मूल तोवर अठरा ते एकवीस वर्षांचं होतं आणि शिकून घराबाहेर पडतं. शोशो तोवर बहुधा थकलेली असते, दारात बसून घायपाताचा दोर वळत असते, आणि दुसरं एखादं सहा वर्षांचं पोर तिच्या मांडीला टेकून रिकाम्या टोपलीशी खेळत असतं.