उंदराच्या दुसऱ्या ताटात काय आहे?

वर्तमानपत्रात आपण नेहमी वाचतो: अमुक खाल्ल्याने उंदरांना मधुमेह झाला, तमुक खाल्ल्याने ते जास्त जगले. त्यांना काय चारलं ते बातमीत असतं. पण ज्यांच्याशी तुलना केली ते उंदीर काय खात होते? ते बहुधा नसतं. आज आपण या दुसऱ्या ताटाकडे बघणार आहोत.

खाण्याने प्रयोग कसा फिरतो हे फार पूर्वी दिसलं होतं. १८८० च्या सुमारास दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातलं तार्तू, इथे निकोलाय लुनिन यांनी काही उंदरांना दूध दिलं. बाकीच्यांना दुधातले त्या काळी माहीत असलेले घटक, म्हणजे प्रथिन, चरबी, साखर आणि क्षार, वेगवेगळे काढून एकत्र करून दिले. दुधावरचे उंदीर ठणठणीत राहिले, मिश्रणावरचे काही आठवड्यांत मेले. तेव्हा दुधात जगण्याला लागणारं आणखी काहीतरी आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यालाच पुढे आपण जीवनसत्त्वं म्हणू लागलो.

आता आजच्या प्रयोगशाळेत या. पूर्ण वाढलेला उंदीर वीस-तीस ग्रॅमचा, आणि दिवसाला खातो साधारण ३ ते ५ ग्रॅम. एवढ्याशा जिवासाठी खाद्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला धान्याचा: गहू, मका, सोयाबीनची पेंड, लसूणघास, मासळीचं कूट असं दळून दाबून केलेल्या गोळ्या. स्वस्त, पोषक. पण शेतमाल तो शेतमालच. हंगाम बदलला, जमीन बदलली की घटकही थोडे बदलतात. सोयाबीनमध्ये जेनिस्टीनसारखी द्रव्यं असतात, ती शरीरात इस्ट्रोजेनसारखी वागू शकतात. स्तनाच्या कर्करोगावर किंवा संप्रेरकांवर प्रयोग चालू असेल, तर पेंडीची नवी गोणी उघडणं ही किरकोळ गोष्ट राहत नाही.

दुसरा प्रकार शुद्ध घटकांचा: दुधातलं केसिन, मक्याचं स्टार्च, साखर, तेल, सेल्युलोज, मोजलेले क्षार आणि जीवनसत्त्वं. यात काय किती आहे हे आपल्याला नेमकं माहीत असतं. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ न्यूट्रिशनने १९७७ मध्ये असं एक सूत्र प्रसिद्ध केलं, एआयएन-७६. त्यात निम्मी साखरच होती! हे खाद्य खाणाऱ्या मोठ्या जातीच्या उंदरांच्या, म्हणजे रॅटच्या, मूत्रपिंडात कॅल्शियम साचू लागलं. म्हणून १९९३ मध्ये सूत्र सुधारण्यात आलं. साखर दहा टक्क्यांवर आणली, स्टार्च वाढवलं, मक्याच्या तेलाऐवजी सोयाबीनचं तेल घेतलं. वाढत्या पिल्लांसाठी एक आणि प्रौढांसाठी कमी प्रथिनांचं दुसरं, अशी दोन रूपं केली.

आता मुद्द्याचं बोलू. लठ्ठपणाच्या अभ्यासात उंदरांना असं खाद्य देतात की साठ टक्के उष्मांक चरबीतून, मुख्यतः डुकराच्या चरबीतून, मिळतात. हे शुद्ध घटकांचं खाद्य. आणि तुलनेतल्या उंदरांना? कित्येकदा नेहमीच्या धान्याच्या गोळ्या. २००८ मध्ये वॉर्डन आणि फिस्लर या संशोधकांनी याकडे लक्ष वेधलं. असं बघा, एका घरात वर्षभर भाकरी, आमटी, पालेभाजी. दुसऱ्या घरात तुपात तळलेल्या मैद्याच्या करंज्या. दुसऱ्या घरातले आजारी पडले, तर दोष फक्त तुपाला द्यायचा का? मैद्याचं काय, साखरेचं काय, न मिळालेल्या भाजीचं काय?

इथेही तेच. धान्याच्या गोळ्यांत आतड्यातल्या जिवाणूंना खाता येईल असा तंतू भरपूर असतो. शुद्ध खाद्यातलं सेल्युलोज त्यांच्या फारसं कामाचं नाही. असा तंतू नसेल तर उंदराचं मोठं आतडं आक्रसतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. मग जो परिणाम आपण चरबीच्या नावावर लिहितो, त्यात तंतूच्या अभावाचाही वाटा असू शकतो. उपाय तसा सोपा आहे: दोन्ही ताटं शुद्ध घटकांची ठेवायची, आणि फरक फक्त चरबीचा, तिच्या जागी स्टार्च किंवा साखर.

आणखी काही गोष्टी पटकन सांगतो. वाफेच्या दाबाखाली खाद्य निर्जंतुक केलं की थायमिन नष्ट होतं आणि गोळ्या टणक होतात. म्हणून आधीच जास्त जीवनसत्त्व घालतात किंवा गॅमा किरण वापरतात. उंदीर आपली विष्ठा खातो आणि त्यातून ब गटाची काही जीवनसत्त्वं मिळवतो. तेव्हा जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा अभ्यास करताना हेही ध्यानात घ्यावं लागतं. आणि वेळ! २०२२ मध्ये डॅलसच्या संशोधकांनी उंदरांना तीस टक्के कमी उष्मांक दिले. ते दिवसरात्र विभागून दिले तेव्हा आयुष्य सुमारे दहा टक्क्यांनी वाढलं. उंदराच्या जागं राहण्याच्या वेळी, म्हणजे रात्री दिले तेव्हा सुमारे पस्तीस टक्क्यांनी.

हे सगळं इतक्या बारकाईनं का सांगायचं? कारण ताट चुकलं तर प्रयोग फुकट जातो, आणि त्यासाठी मारलेले जीवही. शिवाय तो निष्कर्ष बातमी होऊन आपल्या स्वयंपाकघरात येतो. कुणी तेल बंद करतं, कुणी तूप. म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी वाचलीत की एवढंच विचारा: बाकीचे उंदीर काय खात होते? उत्तर मिळालं नाही, तर ताटातलं काही बदलायची घाई नको.