कडाक्याच्या थंडीत बर्फ कच्चा होतो

कडाक्याची थंडी पडली म्हणजे डोंगरावरचा बर्फ घट्ट बसला असेल, असे वाटणे साहजिक आहे. थर पातळ असेल तर नेमके उलटे घडते. जमीन हवेपेक्षा उबदार असते. हवा उणे २० अंशांवर आणि मध्ये बर्फ जेमतेम हातभर, अशा वेळी तळाचा बर्फ न वितळताच वाफ होऊन वर सरकतो आणि गार कणांवर पुन्हा गोठतो. काही दिवसांत तिथे जाड साखरेसारखे सुटे, टोकदार दाणे होतात. मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा वळत नाही.

या भुसभुशीत थरावर वाऱ्याने बर्फ आणून दडपला, की ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही अख्खी लादी सुटते. कधी माणूसही लागत नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील लाँगइयरब्येन गावात १९ डिसेंबर २०१५ रोजी, वादळानंतर, सुकरटॉपेन डोंगरावरचा बर्फ ११ घरांवर कोसळला. दोघे दगावले. योगायोग असा, की सुकरटॉपेन म्हणजे साखरेचे शिखर!

गाडलेला माणूस सहसा गारठून नव्हे, गुदमरून मरतो. दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्धा तास उलटला की तिघांतला जेमतेम एक. बचावपथकाला पोहोचायलाच अनेकदा याहून अधिक वेळ लागतो. म्हणून शोधयंत्र, लांब सळई आणि फावडे प्रत्येक सोबत्याच्या पाठीवर हवे. माणूस सापडताच आधी चेहरा आणि छाती मोकळी करायची, पाय नंतर.