गाडीचे काळे भाग पांढुरके का पडतात?

मोटारीचं वय तिच्या रंगाआधी तिचे काळे भाग सांगतात. बाजूच्या आरशांची घरं, बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, वायपरखालची जाळी. नवी गाडी दारात येते तेव्हा हे सगळं काळंभोर असतं. काही उन्हाळे गेले की ते राखाडी आणि पुढे पांढुरकं दिसू लागतं. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईकाची नजर आधी तिथेच जाते. मग इंजिन ठणठणीत असलं, तरी भाव पाडून मागितला जातो. ‘उन्हानं रंग उडाला,’ असं आपण म्हणतो. पण मला सांगायचं आहे ते हे, की बहुतेक वेळा रंग उडालेला नसतोच.

हे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असतात. इटलीचे रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये ते उपयोगी स्वरूपात तयार केलं. १९६३ मध्ये कार्ल झिग्लर यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. हे प्लास्टिक हलकं, स्वस्त आणि चिवट आहे, पण ऊन त्याला सोसत नाही. उन्हातले अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. तुटलेल्या जागी हवेतला प्राणवायू शिरतो आणि तोडमोड शेजारच्या साखळ्यांपर्यंत पसरते. उष्णतेनं या कामाला वेग येतो. गच्चीत राहिलेली रंगीत बादली हातानं दाबली तरी तडकते, ती यामुळेच.

मग त्याच गच्चीवरची पाण्याची काळी टाकी वर्षानुवर्षं कशी टिकते? तिच्या प्लास्टिकमध्ये बारीक काजळी मिसळलेली असते. ती अतिनील किरण शोषून घेते, खोलवर जाऊ देत नाही. गाडीच्या काळ्या भागांतही हीच काजळी असते आणि ती उन्हानं उडत नाही. नुकसान होतं ते वरच्या पातळ थराचं. तो खरखरीत होतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, प्लास्टिकमध्ये भरीला घातलेली पांढरी भुकटी उघडी पडते. अशा खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो आणि काळं पांढुरकं दिसतं. शहाबादी फरशी ओली असताना गडद आणि वाळल्यावर फिकी दिसते, तसंच हे. गाडीचा पांढुरका भाग ओल्या फडक्यानं पुसून पाहा. तो क्षणभर काळाभोर झाला, तर काळेपणा आत शाबूत आहे असं समजा.

डिझेल, रॉकेल किंवा खोबरेल फासण्याचा सल्ला याच कारणानं खरा वाटतो. तेल भेगांत भरतं आणि भाग चमकतो. पण उन्हापासून त्यानं काहीच बचाव होत नाही. धूळ मात्र चिकटते आणि डिझेल-रॉकेलनं शेजारचं रबर फुगतं. काही जण गरम हवेच्या यंत्रानं वरचा थर वितळवून घेतात. त्यानं भाग काळा दिसतो, पण झिजलेला थर नवा होत नाही. हात जरा चुकला, तर भाग वाकडा होतो किंवा शेजारचा रंग भाजतो.

खरा उपाय सावलीचा. मे महिन्यात महाराष्ट्रात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. त्यामुळे वरच्या बाजूला तोंड असलेले भाग, म्हणजे वायपरची जाळी, टपावरच्या पट्ट्या, आरशांची पाठ, सर्वांत जास्त भाजतात. छप्पर नसेल तर कापडी कव्हर घाला. मात्र धुळीनं भरलेल्या गाडीवर ते ओढू नका, रंगावर ओरखडे येतात. कामाच्या ठिकाणी गाडी रोज त्याच जागी उभी राहत असेल, तर अधूनमधून तिचं तोंड फिरवा.

धुताना कपड्यांची पावडर नको, गाडीचा शाम्पू वापरा. रंगाला पॉलिश करताना काळ्या भागांवर कागदी चिकटपट्टी लावा. पॉलिश खरबरीत प्लास्टिकमध्ये अडकलं, की त्याचे पांढरे डाग पडतात आणि लोक त्यालाही उन्हाचा दोष समजतात.

भाग धुऊन पूर्ण वाळल्यावर प्लास्टिकसाठी मिळणारं, पाण्यात बनवलेलं आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणारं ड्रेसिंग पातळ लावा, जास्तीचं पुसून घ्या. ते काही आठवडेच टिकतं, म्हणून उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा लावावं लागतं. प्लास्टिकवरचं सिरॅमिक कोटिंग महाग असलं, तरी बरेच महिने टिकतं. मात्र त्याआधी भाग अगदी स्वच्छ, तेलविरहित हवा. यातलं काहीही टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर, पेडलवर किंवा स्टिअरिंगवर लावू नका. तिथे निसरडेपणा जिवावर बेतू शकतो.

भाग दाबल्यावर तडकत असेल, तर तो बदलणंच बरं. पण नुसता पांढुरका झाला असेल, तर नव्या भागाचा खर्च करण्याआधी ओल्या फडक्याची परीक्षा करून पाहा. आणि गाडी नवी असेल, तर पहिला हात होळीच्या सुमारास, ऊन तापण्याआधीच द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)